ईस्टरचा वाद नेमका कशावर?



आरोंद्याची खाडी ओलांडली की किरणपाणी, म्हणजे गोवा. खाडीने खाली समुद्राकडे गेले की तेरेखोलचा किल्ला लागतो. सावंतवाडीच्या सावंतांनी बांधलेला, १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतलेला. त्याच्या आत संत अँथनीचे चर्च आहे. काठ आपल्या बाजूचा, हद्द मात्र गोव्याची. अशा मुलखात ख्रिस्ती शेजारी ही काही नवलाची गोष्ट नाही. नाताळात त्यांच्याकडून नेवऱ्यांचे ताट येते, ईदेला आपल्याकडून शीरखुर्मा जातो. नाताळ आपल्याला समजतोही. हजरत मरियम (अलै.) यांच्या नावाची एक अख्खी सूरह पवित्र कुरआनात आहे, आणि हजरत ईसा (अलै.) यांचा जन्म पित्याविना झाला हे आपणही मानतो.

गाडी अडते ती ईस्टरला. आपल्यातले कितीतरी लोक गुड फ्रायडेच्या सकाळी ख्रिस्ती मित्रांना 'हॅपी गुड फ्रायडे' असा संदेश फुले लावून पाठवतात. आशुऱ्याच्या दिवशी कोणी आपल्याला 'हॅपी मोहर्रम' म्हटले तर कसे वाटते, ते आठवावे. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे तो त्यांच्या प्रभूच्या मृत्यूचा दिवस. त्या दिवशी उपवास असतो, आणि चर्चची घंटा गुरुवार संध्याकाळपासूनच मुकी झालेली असते. ती वाजते ती एकदम ईस्टरच्या आदल्या रात्री. अंधारात उभे राहून नवा अग्नी पेटवतात, त्यावर एक मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्यावरून हातोहात प्रत्येकाची मेणबत्ती पेटते. नाताळची सजावट डोळ्यांत भरते म्हणून आपण तोच त्यांचा मुख्य सण समजतो. चर्चच्या हिशेबाने मात्र मुख्य सण ईस्टर आहे.

हा विषय या महिन्यात घेण्याचे कारण आमच्याच भागातील एका भगिनीचे पत्र. त्यांचा मुलगा नववीत आहे. त्याने मोबाईलवर आलेला ईस्टरची टिंगल करणारा एक मजकूर वर्गाच्या ग्रुपवर पुढे ढकलला. मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी कसा काय उठेल, हाडामांसाचा देह का असा परत चालू लागतो, अशा धाटणीचा. त्याच्या वर्गातल्या ख्रिस्ती मित्राची आजी त्याच वर्षी वारली होती. त्या मित्राने बोलणे टाकले. भगिनी विचारतात की मुलाने माफी मागावी असे वाटते, पण माफी मागितली तर त्यांची श्रद्धा आपण मान्य केली असे होईल का?

माफी मागण्याने श्रद्धा मान्य होत नाही, हे सरळ उत्तर. दुसऱ्यांच्या आराध्यांना अपशब्द बोलू नका, अशी सूरह अन्आमची ताकीदच आहे. पण आम्हाला त्या टिंगलीपेक्षाही तिच्यातल्या युक्तिवादाची जास्त चिंता वाटली. तो युक्तिवाद मुसलमानाचा नाहीच. मेलेला उठेल कसा, हा प्रश्न मक्केतले इन्कार करणारे लोक आपल्या प्रेषितांना (सल्ल.) विचारत होते. त्यांच्यातला एक सरदार म्हणे कुजलेले हाड घेऊन आला, बोटांनी त्याचा भुगा केला आणि हे पुन्हा जिवंत कोण करणार असे म्हणून हसला. सूरह यासीनच्या शेवटच्या आयतींत त्याला उत्तर आहे: ज्याने पहिल्यांदा घडवले, तोच पुन्हा उठवील. ज्या सूरहचे पठण आपण मरणाऱ्याच्या उशाशी करतो, तिच्यातले उत्तर विसरून आपला मुलगा त्या सरदाराच्या बाजूला जाऊन उभा राहिला, हे त्याला कोणी सांगितले पाहिजे.

मेलेल्याला उठवणे अल्लाहला अशक्य नाही, ही आपल्या ईमानाची पायरीच आहे. उद्ध्वस्त गावावरून जाणाऱ्या माणसाला शंभर वर्षे मृत ठेवून पुन्हा उठवल्याची हकीकत सूरह बकरहमध्ये आहे. तिच्या लगोलग हजरत इब्राहीम (अलै.) यांच्या चार पक्ष्यांची. खुद्द हजरत ईसा (अलै.) अल्लाहच्या अनुमतीने मृतांना जिवंत करीत, हे कुरआन दोन ठिकाणी सांगते. म्हणजे ख्रिस्ती शेजाऱ्याशी आपला मतभेद उठण्यावर नाही, मरण्यावर आहे. ते म्हणतात, येशू क्रूसावर मरण पावले, पुरले गेले आणि तिसऱ्या दिवशी उठले. सूरह निसा म्हणते की त्यांना ठारही केले गेले नाही आणि सुळावरही चढवले गेले नाही. लोकांना तसा भास झाला, आणि अल्लाहने त्यांना स्वतःकडे उचलून घेतले. तो भास कसा, याचे खुलासे मुफस्सिरांनी निरनिराळे दिले आहेत. त्यात इथे शिरत नाही. बहुतेक उलेमांच्या मते हजरत ईसा (अलै.) यांचा मृत्यू अजून व्हायचाच आहे. कयामतीपूर्वी ते परत येतील, आणि मगच त्यांना मृत्यू येईल.

आपल्या लोकांत आणखी एक वाक्य फार चालते: अल्लाह आपल्या प्रेषिताला शत्रूच्या हातून मरू कसा देईल? हे वाक्य जपून वापरावे. प्रेषितांना ठार केल्याबद्दल बनी इस्राईलला कुरआनाने वारंवार जाब विचारला आहे. तेव्हा आपली भूमिका आयतीवर उभी आहे, या तर्कावर नाही.

आता शेजाऱ्याच्या बाजूने पाहू. मरणानंतर उठण्याचा हा प्रसंग त्यांच्या धर्मातून काढला तर काय उरते? याचे उत्तर त्यांच्याच पहिल्या पिढीतल्या माणसाने देऊन ठेवले आहे. पौल ऊर्फ पॉल याने करिंथ शहरातल्या मंडळीला सुमारे इसवी सन ५५ मध्ये पत्र लिहिले. क्रूसाच्या प्रसंगाला तेव्हा जेमतेम वीस-पंचवीस वर्षे झाली होती आणि चारही शुभवर्तमाने अजून लिहिली जायची होती. त्या मंडळीत काही जण म्हणू लागले होते की मेलेले बिलेले काही उठत नाहीत. पौलाने आडपडदा ठेवला नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आमचे सांगणे पोकळ, तुमचा विश्वास पोकळ, आम्ही देवाच्या नावावर खोटी साक्ष देणारे ठरलो आणि सर्व माणसांत कीव करण्यासारखे आम्हीच, असा त्याचा आशय आहे. आपल्या अख्ख्या धर्माचा डोलारा एका घटनेवर आहे आणि ती घडली नसेल तर तो कोसळेल, असे संस्थापक पिढीतल्या माणसाने स्वतः लिहून ठेवणे ही साधी गोष्ट नव्हे. पौलाच्या शिकवणीशी आपले पटत नाही ते नाहीच. पण माणूस गुळमुळीत बोलणारा नव्हता.

त्याने इतके का ताणावे? रोमन राज्यात क्रूस ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. यहुदी धर्मशास्त्रात झाडावर टांगलेला माणूस शापित समजला जाई. ज्याला मसीह मानले त्याचा शेवट असा झाला, तर लोकांनी काय समजायचे? की हा माणूस खोटा होता आणि देवाने त्याला टाकून दिले. शिष्य पळाले होते, घाबरून दारे लावून बसले होते. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे तिसऱ्या दिवशीचे उठणे हा त्या निकालावर देवाने दिलेला उलट निकाल आहे. खालच्या कोर्टाने दोषी ठरवले, वरच्या कोर्टाने निर्दोष सोडले, इतके ते त्यांना स्पष्ट आहे. ते नसेल तर क्रूस म्हणजे एका सज्जन माणसाचा झालेला घात, एवढेच राहते. मग गळ्यात क्रूस घालण्याचे कारणही राहत नाही.

साक्ष कोणाची, हेही पाहण्याजोगे आहे. चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर पहिल्यांदा पाहिली ती बायकांनी, मग्दालिया मरियम त्यांत प्रमुख. त्या काळच्या समाजात बायकांच्या साक्षीला फारसे वजन नव्हते. ख्रिस्ती पंडित म्हणतात, गोष्ट रचायचीच असती तर साक्षीदार पुरुष ठेवले असते. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, पण त्याने आयत बदलत नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तर मजकूर तिथेच संपतो, त्या बायका भ्यायल्या आणि कबरीपासून पळाल्या इथे. थोमा नावाचा शिष्य म्हणाला, जखमांना बोट लावल्याशिवाय मी मानणार नाही. हाच थोमा पुढे केरळात आला आणि मैलापूरला मारला गेला, अशी दक्षिणेतल्या ख्रिस्ती लोकांची परंपरा आहे.

पौलाने उठलेल्या ख्रिस्ताला पिकाच्या पहिल्या फळाची उपमा दिली. शहरातल्या माणसाला ती समजावून सांगावी लागते, आपल्या भागात लागत नाही. गोव्यात कणसांचे फेस्त होते. भाताची पहिली कणसे कापून चर्चमध्ये आणतात, पाद्री त्यांना आशीर्वाद देतो. पहिले कणीस हातात आले म्हणजे मागून शेत येणारच. ख्रिस्त एकटाच उठून मोकळा झाला असे ते म्हणत नाहीत. तो आधी उठला, म्हणून आपली माणसेही उठतील, असे म्हणतात. वर्गातल्या त्या मुलाला हसू आले ते एका चमत्काराचे. ज्याची आजी नुकतीच पुरली होती, त्याला ते आजीच्या कबरीवर हसल्यासारखे लागले असेल.

मराठीत ही कथा चारशे वर्षांपूर्वीच आली आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याने मराठीत, कोकणीचा हात लावून, सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. १६१६ मध्ये ते रायतूर, म्हणजे राशोल इथे रोमन लिपीत छापले गेले, कारण देवनागरीचे खिळेच नव्हते. पहिल्या भागात जगाच्या उत्पत्तीपासूनच्या जुन्या हकीकती, दुसऱ्यात येशूंचा जन्म, मरण आणि पुन्हा उठणे. साधारण त्याच काळात श्रीगोंद्याचे शेख महंमद ओवीतच लिहीत होते, हे जाता जाता सांगून ठेवतो. मराठी ओवीने कोणाला परके मानले नाही.

उठण्याचा भाग वगळून फक्त उपदेश ठेवावा, असा प्रयत्नही हिंदुस्थानात झाला. राजा राममोहन राय अरबी-फारसी शिकलेले. एकेश्वरवादावर त्यांनी फारसीत पुस्तक लिहिले होते, त्याची प्रस्तावना अरबीत. १८२० मध्ये त्यांनी येशूंची नीतिवचने वेगळी काढून कलकत्त्यात पुस्तक प्रसिद्ध केले. चमत्कार आणि तत्त्वांचे वाद बाजूला ठेवले. त्यांना वाटले ख्रिस्ती लोक खूश होतील. झाले उलटे. श्रीरामपूरच्या मिशनचे जोशुआ मार्शमन त्यांच्यावर तुटून पडले आणि वाद कितीतरी वर्षे चालला. आपल्यातलेही काही चांगल्या मनाचे लोक शेजाऱ्याला सांगतात, येशूंची शिकवण किती सुंदर आहे, तेवढे घ्या आणि बाकीचे सोडा. हे त्यांना आवडेल असे समजू नये. नमाज-रोज्याचे व्यायाम चांगले आहेत, तेवढे ठेवा आणि वह्य सोडा, असे कोणी आपल्याला सांगितल्यासारखे ते आहे.

रविवारचेही मूळ इथेच. यहुद्यांचा पवित्र दिवस शनिवार. पहिले ख्रिस्ती लोकही यहुदी वंशाचेच, तरी त्यांनी आठवड्याची भेट रविवारी ठेवली, कारण उठण्याचा दिवस तो. सम्राट कॉन्स्टंटाईनने ३२१ मध्ये तो विसाव्याचा दिवस केला. मुंबईच्या गिरणी कामगारांना तो नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने १८९० मध्ये मिळाला. त्यासाठी त्यांना सर्व जातिधर्मांचे कामगार गोळा करावे लागले. आपण रविवारी मटण आणतो आणि निकाह ठेवतो, त्या सुट्टीची वाट अशी आहे.

मग आपले म्हणणे काय? समजा, एखादा उठलाच, तरी त्याने तो देव ठरत नाही. शंभर वर्षांनी उठलेला तो माणूस देव झाला नाही. उठवणारा अल्लाह, उठणारा बंदा. ख्रिस्ती यावर उत्तर देतात की ते सारे पुन्हा मरण्यासाठी उठले, ख्रिस्त मात्र पुन्हा न मरण्यासाठी उठला, आणि म्हणून त्याची गोष्ट वेगळी. दुसरा मुद्दा ओझ्याचा. कोणी कोणाच्या गुन्ह्याचे ओझे उचलत नाही, हे कुरआन अनेक ठिकाणी सांगते. तेव्हा एकाच्या मरणाने सर्वांची पापे फिटावीत हे आपल्याला मान्य होत नाही. इथे दोन वाटा फुटतात, आणि त्या फुटतात हे दोघांनी मोकळेपणी सांगावे. 'सगळे धर्म शेवटी एकच' असे म्हणून चहा पिऊन उठणे सोपे आहे, पण त्यात शेजाऱ्याचाही मान नाही आणि आपलाही नाही.

दर जुम्याला आपल्या घरांत सूरह कहफ वाचली जाते. गुहेत तीनशे आणि वर नऊ वर्षे झोपलेल्या तरुणांची हकीकत आपल्या मुलांना तोंडपाठ असते. हीच हकीकत इस्लामच्या आधीपासून ख्रिस्ती लोकांत होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. सध्याच्या तुर्कस्तानातल्या एफेसस नगरातले ते तरुण, असे त्यांची परंपरा मानते. सहाव्या शतकाच्या आरंभी वारलेल्या सरूगच्या याकूब या सिरियाक कवीने त्यांच्यावर लिहिले. त्या कथेत ते तरुण जागे होतात ते दुसऱ्या थिओडोसियस बादशहाच्या काळात, आणि तेव्हा वाद कोणता चालू असतो? मेलेले देहासह उठतात की नाही, हाच. सूरह कहफही त्या तरुणांना उठवण्याचे कारण तेच देते: लोकांना कळावे की अल्लाहचे वचन सत्य आहे आणि ती घटका येणारच. एकच दाखला दोन्ही घरांत वाचला जातो. मुलाला समजवायचे असेल तर इथून सुरुवात करावी.

आणि त्याला जेरुसलेमचीही गोष्ट सांगावी. ज्या जागी येशूंची कबर होती असे ख्रिस्ती मानतात, तिथल्या चर्चला अरबीत कनीसतुल कियामा म्हणतात. कियामा म्हणजे उठणे. आपण कयामत म्हणतो तोच शब्द. हजरत उमर (रजि.) शहरात आले तेव्हा नमाजाची वेळ झाली आणि चर्चमध्येच नमाज पढण्याची विनंती त्यांनी नाकारली, अशी परंपरा आहे. आपण इथे नमाज पढलो तर पुढे मुसलमान ही जागा मागतील, असे ते म्हणाले. सगळेच राज्यकर्ते असे निघाले नाहीत. फातिमी खलीफा अल-हाकिमने १००९ मध्ये ते चर्च पाडले; हेही मुलांना सांगावे, लपवू नये. ११८७ मध्ये सलाहुद्दीन अय्यूबींनी शहर परत घेतले तेव्हा ते चर्च पाडा असा सल्ला काहींनी दिला, तो त्यांनी मानला नाही. आत निरनिराळ्या पंथांचे पाद्री आहेत आणि त्यांचे आपापसात फारसे जमत नाही. दाराची किल्ली मात्र शतकानुशतके एका मुसलमान घराण्याकडे, जूदेह यांच्याकडे आहे, आणि दार उघडण्या-लावण्याचे काम नुसैबेह या दुसऱ्या मुसलमान घराण्याकडे. ईस्टरलाही तेच दार उघडतात. ते घटना मानत नाहीत, दार उघडतात.

राहता राहिले आपल्या गावातले वागणे. ईस्टर शुभेच्छांबद्दल उलेमांमध्ये एकमत नाही. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. आम्ही स्वतः जे मानत नाही ते शब्द तोंडी घेत नाही, पण त्या दिवशी घरी जाऊन ख्यालीखुशाली विचारतो. ताटात काय आहे, केकमध्ये दारू आहे का, हे मोकळेपणी विचारले तर कोणी रागावत नाही. बहुतेक घरांत आपल्यासाठी वेगळे काढून ठेवलेलेच असते. त्यांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळही लक्षात ठेवावा. २०२५ साली आपला रमजान २ मार्चला सुरू झाला आणि त्यांचा उपवासकाळ ५ मार्चला. इफ्तारीचे बोलावणे जाते, तेव्हा समोरचाही काही सोडून बसला आहे हे आपल्याला ठाऊक असलेले बरे. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, कारण तीही चंद्रावर आहे: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. चंद्र पाहून सण ठरवण्याची कटकट आपल्याला नवी नाही.

मयताला जावे. शेजाऱ्याच्या मयताला जाण्यात आपल्याकडे कधी कमी नव्हती, ती आता का व्हावी? ते पेटीत ठेवतात, आपण कफनात. ते दफनच करतात याचेही कारण तेच उठणे. १८८६ मध्ये कॅथलिक चर्चने दहनाला बंदी केली होती. १९६३ मध्ये ती सैल केली, पण उठण्यावरचा विश्वास नाकारण्यासाठी दहन करू नये, ही अट ठेवून. जुना ख्रिस्ती रिवाज मृताचे पाय पूर्वेकडे ठेवण्याचा, म्हणजे उठेल तेव्हा तोंड उगवतीकडे असावे. आपण किब्ल्याकडे तोंड करतो. पाद्रीची प्रार्थना चालू असताना आपण गप्प उभे राहावे, आपल्याला ती म्हणायची नसते. मग घरचे लोक कबरीत माती टाकतात, आणि शेजाऱ्यांनाही पुढे बोलावतात. तेव्हा मागे राहू नये. आपल्या दफनात तीन मुठी टाकताना सूरह ताहाची जी आयत म्हणतात, तिच्यात मातीपासून घडणे, मातीत परतणे आणि मातीतूनच पुन्हा बाहेर येणे, असे तिन्ही टप्पे आहेत. ती मनातल्या मनात आठवली तरी हरकत नाही. घरच्यांचा हात धरून सबुरीचे दोन शब्द बोलावेत, आणि चाळीस दिवसांनी पुन्हा एकदा जाऊन यावे.